मुलाचा शब्द आणि शाळेचे कर्तव्य

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील सीमेलगतच्या गावांत प्राथमिक शाळेत येणारे मूल बहुधा दोन-तीन भाषांच्या उंबरठ्यावर उभे असते. औराद, भालकी, बसवकल्याण या भागांतील अनेक घरांत मराठी बोलली जाते, कार्यालयीन कागदपत्रे कन्नडमध्ये असतात आणि आठवड्याच्या बाजारात दख्खनी उर्दू कानी पडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन निलंगा, उदगीर व अहमदपूर हे भाग मुंबई राज्यात गेले आणि बीदर जिल्ह्याचा मोठा भाग म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. नातीगोती मात्र त्या रेषेने तुटली नाहीत, आणि घरची बोलीही तुटली नाही.

बालकांच्या संरक्षणाचा विचार करताना ही परिस्थिती बाजूस सारता येत नाही. मुलावर अन्याय किंवा अत्याचार झाला असता त्याचा पुरावा पुष्कळदा मुलाचे बोलणे एवढाच असतो, आणि लहान मूल आपले दुःख घरच्या भाषेतच बोलते.

समजा, तिसरीतील एक मुलगी शाळा सुटल्यावरही वर्गात रेंगाळते व बाईंना म्हणते, “मला त्या काकांच्या घरी पाठवू नका.” अशा वेळी शिक्षकाने काय करावे? उलटतपासणी करू नये. “कुणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यास समोर बोलावून मुलीस पुन्हा तेच विचारणे, ही तर क्रूरताच होय. तिचे शब्द जसेच्या तसे, ती बोलली त्याच भाषेत, दिनांक व वेळ घालून लिहून ठेवावेत. सुसंस्कृत कन्नडमध्ये किंवा पुस्तकी मराठीत त्यांचे रूपांतर करण्याचा मोह आवरावा. “दुखतंय” याचे “त्रास झाला” झाले की अर्धा अर्थ तेथेच नाहीसा होतो.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२ हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १९ अन्वये असा अपराध घडला आहे असे ज्यास कळले, किंवा घडण्याची शक्यता ज्यास वाटली, त्याने पोलीस ठाण्यास अथवा विशेष बाल पोलीस पथकास कळविणे बंधनकारक आहे. माहिती मूल स्वतः देत असेल तर ती त्यास समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी, आणि नोंद त्यास न कळणाऱ्या भाषेत होत असेल तर दुभाषी द्यावा, असेही हे कलम सांगते. सीमाभागातील मराठी मुलांसाठी ही तरतूद मोलाची आहे. दुर्दैवाने ती फारशी कुणी मागत नाही. पालकांनी व मुख्याध्यापकांनी ती स्पष्टपणे मागावी. ती मेहेरबानी नव्हे.

गावात मात्र प्रश्न अब्रूचा होतो. चार मोठी माणसे बसतात, “मुलीचं पुढं लग्न व्हायचं आहे” असे म्हणतात, आणि प्रकरण मिटविले जाते. कायद्याला ही तडजोड मान्य नाही. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही, आणि हाताखालील माणसाचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड, अशी शिक्षा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या प्रकरणी, माहिती असूनही न कळविल्याचा आरोप एका डॉक्टरांवर होता. उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धची कारवाई रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला आणि न कळविणे हा गंभीर अपराध असल्याचे सांगितले. मुलाचे नाव, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यासही कायद्याने मनाई आहे. चावडीवरील चर्चेतही हे पथ्य पाळले जावे.

मोठ्यांच्या चौकशीनेच मूल भयभीत होऊ शकते, याचे उदाहरण बीदर शहरातच घडले. जानेवारी २०२० मध्ये तेथील शाहीन शाळेत मुलांनी सादर केलेल्या एका नाटकावरून गुन्हा दाखल झाला आणि पोलिसांनी शाळेत जाऊन लहान मुलांकडे चौकशी केली. नाटकाच्या आशयाविषयी मतभेद असतील. तो येथे विषय नाही. गणवेशातील व शस्त्रधारी पोलिसांनी मुलांना प्रश्न विचारणे हे बालहक्कांचे गंभीर उल्लंघन आहे, असे मत कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये व्यक्त केले. मूळ गुन्हा जून २०२३ मध्ये न्यायालयाने रद्द केला. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमावा व त्याने मुलांशी साध्या वेषात वागावे, असा नियम आहे. पोलीस शाळेत आल्यास मुख्याध्यापकांनी नम्रपणे, पण न डगमगता, त्या अधिकाऱ्याची व पालकांच्या उपस्थितीची विनंती करावी.

संरक्षणाचा दुसरा भाग स्वयंपाकघरात आहे. अक्षर दासोह योजना २००२ साली सुरू झाली ती आपल्या ईशान्य कर्नाटकातील जिल्ह्यांतूनच. बिहारमधील गंडामन येथे १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील जेवण जेवून २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. आपला मुलूख तुरीचा. फवारणीच्या दिवसांत घरोघरी औषधाचे रिकामे डबे असतात, आणि धुऊन पुसून तेच तेला-पाण्यास वापरण्याची सवय आहे. असा डबा शाळेच्या आवारात येताच कामा नये. शिजलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी स्वयंपाकीण व शिक्षक यांनी चाखावे. वासात, चवीत किंचितही फरक वाटल्यास पंगत थांबवावी, मग उशीर झाला तरी चालेल.

छडीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. शिक्षणहक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरविले आहेत. मुलाच्या बोलीची वर्गात टिंगल करणे हेदेखील दुसऱ्या प्रकारात मोडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या मुलाच्या भाषेस हसले जाते ते मूल संकटात तोंड उघडत नाही.

त्याच अधिनियमानुसार शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्याकडे तिला सर्वजण एसडीएमसी म्हणतात. तिच्या सभेत इमारत व अनुदान यांवरच वेळ सरतो. पुढील सभेत तीन गोष्टी विचाराव्यात : आपल्या ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकारी कोण, गावात मराठी व कन्नड दोन्ही नीट जाणणारी विश्वासू स्त्री कोण, आणि १०९८ हा बालसाहाय्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक भिंतीवर दोन्ही भाषांत लिहिला आहे काय. तो मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे नको. पहिलीतील मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाण्याच्या टाकीजवळ लिहावा.