हत्ती नाहीत, तर दारांवर खिळे कशाला?

प्रश्न : आम्ही चौघं टांझानियाला जायचं ठरवतोय. सेरेंगेटी नक्कीच. टूरवाले म्हणतात, शेवटी झांझिबारला जाऊन नुसता आराम करा. त्यांनी पाठवलेल्या फोटोंत तिथल्या जुन्या दारांवर शनिवारवाड्यासारखे टोकदार खिळे दिसले. आपल्याकडचे खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून असत. त्या बेटावर हत्ती होते का? आणि समुद्रकिनारा सोडून तिथे बघण्यासारखं काय आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लढाईचे हत्ती तिथे नव्हतेच. ते खिळे म्हणजे निव्वळ थाट. दाराला असे खिळे ठोकण्याची रीत आपल्या बाजूची. व्यापाऱ्यांच्या आणि सुतारांच्या संगतीने ती समुद्र ओलांडून गेली आणि तिथे घरमालकाची ऐपत दाखवणारा दागिना होऊन बसली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर, अंगावर येतील असे. झांझिबारचे पितळेचे, घासून लख्ख केलेले, ओळीने जडवलेले. चौकटीवर कमळं, मासे, साखळ्या कोरलेल्या असतात. गाइड प्रत्येक नक्षीचा अर्थ सांगेल. ऐकून घ्या, पण सगळं खरं धरू नका. ओळखायची सोपी खूण सांगतो: घडीची, चौकोनी तावदानांची दारं भारतीय वळणाची, वरची पट्टी सरळ आणि तिच्यावर कुराणातलं वचन कोरलेलं असेल तर अरबी वळणाची.

हत्ती मात्र झांझिबारला आलेच, दातांच्या रूपाने. मुख्य भूमीच्या आतल्या मुलखातून तांडे हस्तिदंत घेऊन किनाऱ्यावर यायचे आणि तिथून माल गलबतांनी मुंबईकडे निघायचा. आपल्याकडच्या हस्तिदंती चुड्यांमागे हा एवढा प्रवास असे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा गलबतांना खाली आफ्रिकेकडे नेई, नैऋत्येचा वारा सुरू झाला की परतीची वाट. मधले महिने व्यापारी तिथेच मुक्काम करत, काही तर कायमचे राहिले. कच्छी भाटिया, खोजा, पारशी असे सगळे त्यांत होते. तारिया टोपण या कच्छी इस्माइली व्यापाऱ्याने बांधवलेला दवाखाना, लाकडी नक्षीच्या सज्ज्यांचा आणि रंगीत काचांचा, बंदरासमोर आजही उभा आहे. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून गाजलेला फारूख बुलसारा याच शहरात १९४६ साली जन्मला आणि शाळेसाठी पाचगणीला आला.

मुंबईचा आणखी एक धागा आहे. झांझिबारचा सुलतान बरघश गादीवर येण्याआधी भावाविरुद्धच्या बंडात फसला, तेव्हा इंग्रजांनी त्याला १८५९ मध्ये मुंबईला हद्दपार केलं. सुमारे दोन वर्षं तो तिथे होता. पुढे सुलतान झाल्यावर त्याने झांझिबार शहरात नळाचं पाणी आणलं आणि १८८३ मध्ये समुद्राकाठी 'बेत अल अजाइब', म्हणजे आश्चर्यांचा वाडा, उभारला. डिसेंबर २०२० मध्ये त्याचा एक भाग कोसळला. आत जाता आलं नाही तरी बाहेरून बघाच.

याच बरघशला इंग्रजांच्या दबावाखाली १८७३ मध्ये गुलामांचा बाजार बंद करावा लागला. त्या जागेवर आता अँग्लिकन चर्च आहे. फटके मारायचा खांब होता, तिथे वेदी आहे. आवारात जमिनीतल्या खड्ड्यात गळ्याला साखळ्या बांधलेल्या माणसांची शिल्पं उभी आहेत. इथे घाई करू नका. गुलाम आणणाऱ्या तांड्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत आपले सावकारही होते, हे विसरून ही जागा बघण्यात अर्थ नाही.

शहराचा जुना भाग, स्टोन टाउन, २००० पासून जागतिक वारसा यादीत आहे. नकाशा घेऊन फिरलात तरी वाट चुकणार, इतक्या अरुंद गल्ल्या. घरांना लागून दगडी ओटे, त्यांना 'बराझा' म्हणतात. संध्याकाळी तिथे म्हातारी मंडळी बाओ खेळत बसतात: ३२ खळग्यांचा लाकडी पाट, ६४ बिया, आणि सल्ले देणारे बघे. भूक लागली की 'उरोजो' मागा. आंबट पिवळा रस्सा, त्यात भजी, बटाटा, वरून कुरकुरीत काहीतरी. मांस नको असेल तर आधी सांगा.

शहराबाहेर जोझानीच्या जंगलात लाल कोलोबस माकडं आहेत, जगात फक्त याच बेटांवर आढळणारी. ती गावकऱ्यांच्या बागांतली देशी बदामाची आणि आंब्याची पानं खातात. त्या पानांतली द्रव्यं पोटाला बाधतात, म्हणून वर चक्क कोळसा खातात! कोळशाच्या भट्टीशी बसून काळा तुकडा कुरतडणारं माकड दिसलं, तर ते वेडं नाही, त्याचं औषधपाणी चालू आहे. दोन्ही झाडं मूळची आशियातली, हे ओघाने आलंच.

पूर्वेकडच्या पाजे किंवा जांबियानीला राहिलात, तर ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पोहायला आलेले पाहुणे वैतागतात. त्याच वेळी गावातल्या बाया गुडघाभर पाण्यात उतरून, खुंट्यांना ताणलेल्या दोऱ्यांवर लावलेलं समुद्रशेवाळ काढतात. ते सुकवून परदेशी जातं. टूथपेस्ट आणि आइस्क्रीम दाट करणारा पदार्थ त्यातून निघतो. मला विचाराल तर भरतीपेक्षा ही ओहोटी बघण्यासारखी.

सेरेंगेटीबद्दल थोडक्यात: वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडताना बघायचे तर जुलै ते सप्टेंबर, उत्तरेकडे. पिल्लं जन्मताना बघायची तर फेब्रुवारी, दक्षिणेकडे. एका फेरीत दोन्ही साधत नाही. एन्गोरोंगोरोच्या विवरात सिंह, हत्ती, गेंडे सगळं आहे, पण जिराफ तळाशी शोधू नका. मार्च ते मेचा मोठा पाऊस टाळा. झांझिबारला तीन रात्री तरी ठेवा, त्यातली एक स्टोन टाउनमध्ये. बहुतेक वस्ती मुसलमानांची आहे, तेव्हा गल्ल्यांत फिरताना खांदे-गुडघे झाकलेले बरे, आणि रमजानमध्ये दिवसा खाण्याची सोय आधी विचारून घ्या.

शेवटचं, सांगलीकरांसाठी खास: टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. भडंग डब्यात भरून न्या.