शल्यकर्मपूर्व औषधवृत्त : भूल व वेदनाशमन यांसंबंधी वैद्यांचे दायित्व

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास इष्ट भोजन द्यावे व मद्य घेणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सांगितले आहे. अन्नामुळे रुग्ण मूर्च्छित होत नाही व मद्यामुळे शस्त्राची वेदना जाणवत नाही, हे त्यामागील कारण होय. मात्र मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांतील शस्त्रकर्म उपाशीपोटी करावे, हा अपवादही त्यांनीच नोंदविला. म्हणजे शस्त्रकर्माच्या वेळी रुग्णाच्या पोटात काय आहे, हा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही.

आजच्या पूर्ण भुलेत निद्रा, वेदनाशमन व स्नायुशैथिल्य यांसाठी बहुधा वेगवेगळी औषधे योजली जातात. त्यांचे प्रमाण ठरविताना भूलतज्ज्ञ रुग्ण घेत असलेल्या औषधांची चौकशी करतो. तथापि अनेक रुग्ण काढे, गुटी, आसव-अरिष्टे यांची गणना ‘औषधां’त करीतच नाहीत. काही जण डॉक्टर रागावतील या भयाने गप्प राहतात. ही उणीव भरून काढणे वैद्य व औषधविक्रेते यांच्याच हाती आहे.

विशेष लक्ष देण्याजोगी द्रव्ये

१) सर्पगंधा : यातील रेसर्पिन चेतातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरॲड्रिनॅलिनचा साठा रिता करते. भूल दिल्यावर रक्तदाब अकस्मात उतरू शकतो व तो वाढविण्यासाठी दिलेले एफेड्रिन अपेक्षेप्रमाणे कार्य करीत नाही. औषध बंद केल्यावरही हा परिणाम बरेच दिवस टिकतो. म्हणून आदल्या दिवशी गोळी थांबविली एवढ्याने निश्चिंत होऊ नये.

२) लसूण, आले, हळद : स्वयंपाकातील प्रमाण येथे अभिप्रेत नाही, अर्क, कॅप्सूल वा मोठी मात्रा अभिप्रेत आहे. ही द्रव्ये रक्तकणिकांच्या गोठण्याच्या क्रियेस बाधा आणू शकतात. त्यांविषयीचा पुष्कळसा पुरावा प्रयोगशाळेतील आहे. परंतु रुग्ण ॲस्पिरिन वा क्लोपिडोग्रेल घेत असल्यास भार वाढतो. मणक्यातून भूल देताना तेथे रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर दाब आल्यास पायांची शक्ती जाऊ शकते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००१ साली आलेल्या आढाव्यात लसणाची औषधे किमान ७ दिवस आधी थांबविण्यास सुचविले आहे.

३) तगर, जटामांसी, अश्वगंधा : निद्राकर औषधे व मॉर्फिनवर्गीय वेदनाशामके यांच्या जोडीने गुंगी वाढण्याचा संभव असतो. दीर्घकाळ घेतलेले तगर एकाएकी बंद न करता क्रमाने कमी करणे इष्ट.

४) ज्येष्ठमध : दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. पोटॅशियम घटलेल्या रुग्णात हृदयाची लय बिघडण्याचा व स्नायुशैथिल्य लांबण्याचा धोका असतो.

५) मधुनाशिनी, कारले, मामज्जक : उपवासात रक्तशर्करा फार उतरू शकते. घाम, कंप, भ्रम ही लक्षणे भुलेखाली ध्यानात येत नाहीत.

६) वत्सनाभयुक्त कल्प व विजया : वत्सनाभाचा परिणाम हृदयाच्या लयीवर होतो. विजया नित्य सेवन करणाऱ्यास भुलेचे औषध अधिक लागू शकते. वत्सनाभ, धत्तूर, भांग ही द्रव्ये औषध नियमांतील अनुसूची ई(१) मध्ये समाविष्ट असून त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. विक्रेत्यांनी ती ग्राहकास वाचून दाखवावी.

उपवासाचा नियम

पूर्ण भुलेत गिळण्याची व खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया लोपते. जठरातील द्रव्य उलटून फुफ्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलका आहार ६ तास, स्निग्ध आहार ८ तास व स्वच्छ पाणी २ तास आधी थांबविण्याची पद्धत आहे. दूध हे ‘पाणी’ नव्हे. त्यासही ६ तासांचा नियम लागतो. पहाटेचे घृतपान, दुधातून चूर्ण, अवलेह हे त्या दिवशी वर्ज्य समजावे. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, हेही विसरू नये.

शस्त्रक्रियेनंतर व अतिदक्षता विभागात

वेदना सहन करणे हे शौर्य नव्हे. पोटाच्या वा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे रुग्ण दीर्घ श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचून न्यूमोनिया होतो. हालचाल थांबल्याने पायाच्या शिरांत रक्त गोठते. ‘इंजेक्शनची सवय लागेल’ म्हणून वेदनाशामक नाकारणाऱ्या आप्तांना वैद्यांनी हे समजावून सांगावे. कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्ण बोलू शकत नाही; त्याची वेदना चेहऱ्यावरील ताण, हातांची हालचाल व यंत्राशी होणारा विरोध यांवरून ओळखतात. अशा रुग्णाच्या मुखात वा नाकात आप्तांनी परभारे काहीही घालू नये. नळीतून चूर्ण दिल्यास नळी तुंबते. मॉर्फिनवर्गीय औषधांमुळे होणाऱ्या मलावष्टंभात, विशेषतः जलपान अल्प असताना, इसबगोल देऊ नये. आतड्यात अवरोध होण्याची भीती असते.

वैद्यांनी करावयाचे कार्य

शस्त्रक्रिया ठरल्याचे कळताच रुग्णास एक चिठ्ठी लिहून द्यावी. तीत प्रत्येक कल्पाचे नाव, प्रमुख घटक, मात्रा, किती काळ सुरू आहे व शेवटची मात्रा केव्हा घेतली, हे स्पष्ट अक्षरात असावे. केवळ ‘आयुर्वेदिक पुड्या’ असे लिहून उपयोग नाही. नियोजित शस्त्रक्रियेस २ आठवडे अवकाश असेल, तर कोणते औषध केव्हा थांबवावे हे भूलतज्ज्ञाशी बोलून ठरवावे. तातडीच्या शस्त्रक्रियेत थांबविण्यास वेळ नसतो. तेथे तर ही चिठ्ठीच उपयोगी पडते. रक्तदाब वा मधुमेहाचे औषध मात्र रुग्णाने परस्पर बंद करू नये.

आपण दिलेले औषध लपवून ठेवण्याने शास्त्राची प्रतिष्ठा राखली जात नाही. ते नावासह, मात्रेसह सांगण्यानेच राखली जाते. भूल दिल्यावर रुग्ण स्वतःविषयी काहीही सांगू शकत नाही. त्यापूर्वीच ते सांगितले गेले आहे ना, हे पाहणे आपले कर्तव्य होय.

इत्यलम्।