किनाऱ्याची रेषा आणि संगणकीय नकाशा

भारताच्या सागरकिनाऱ्याची लांबी ७,५१६.६ किलोमीटर असल्याचे अनेक वर्षे शिकविले गेले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात मात्र ती ११,०९८ किलोमीटरांहून अधिक दिली आहे. याचा अर्थ भूमी वाढली असा नव्हे. पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठ्या प्रमाणाचा, १:२,५०,००० चा, आधार घेतल्यामुळे लहान खाड्या व वळणेही मोजणीत आली. किनाऱ्याची रेषा ही मोजण्याच्या रीतीवर अवलंबून असते, हा यातील धडा होय.

भौगोलिक माहिती प्रणालीत प्रत्येक प्रकारची माहिती निरनिराळ्या थरांत साठवून ते थर एकमेकांवर बसविले जातात. भरतीमापक केंद्र हा बिंदू, किनारा ही रेषा, तर समुद्रतळ हा पृष्ठभाग मानला जातो. रस्ता वा विहीर जागा सोडत नाही. समुद्राचे पाणी मात्र दिवसातून दोनदा चढते व उतरते. कोकणच्या पुळणीवरील वाळू पावसाळ्यात ओढली जाते आणि पुढे पुन्हा साचते. म्हणून सागरी माहितीच्या प्रत्येक नोंदीसोबत दिनांक व वेळ असणे अगत्याचे असते.

दुसरी अडचण शून्याची आहे. भूमीवरील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, तर नाविक नकाशांतील खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून. मुंबईस या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरांचे अंतर आहे. ते न जुळविता दोन्ही थर जोडल्यास किनारा भलतीकडेच सरकतो. पन्नास मीटरांत एक मीटर चढणाऱ्या पुळणीवर पातळीत अर्ध्या मीटरची चूक झाली, तरी रेषा पंचवीस मीटर हलते.

ही चूक केवळ कागदावर राहत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर, तर दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकसंख्येच्या ग्रामीण भागात, तदनुसार आराखडा मंजूर झाल्यावर, ५० मीटर पट्टा विकासास वर्ज्य असतो. कोळीवाड्यातील घर किंवा मासळी वाळविण्याचे खळे या पट्ट्यात येते की नाही, हे त्या रेषेवरच ठरते.

आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा पंचायत सदस्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: नकाशाचे प्रमाण कोणते, मोजणी कोणत्या दिवशीची, आणि उंची कोणत्या शून्यापासून धरली? उधाणाचे पाणी गावात कोठवर येते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी वर्षभर नोंदवून ठेवल्यास हरकतीला पुराव्याचे बळ मिळेल. यंत्राने आखलेली रेषा गावाच्या अनुभवाशी ताडून पाहणे हे ग्रामस्थांचे कर्तव्यच आहे.