काळ्या पाषाणाचें वय

महाराष्ट्राचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसापासून झालेला आहे. त्या तप्त रसांत जीवांचे अवशेष टिकत नाहींत. मग त्याचें वय कसें कळावें? ह्याचें एक उत्तर गोदावरीतीरीं राजमहेंद्रीजवळच्या खाणींत मिळतें. तेथें अशाच पाषाणाच्या दोन थरांमध्यें समुद्राचा गाळ आहे. त्यांत फोरॅमिनिफेरा नामक एकपेशीय सागरी जीवांचीं, सूक्ष्मदर्शकानेंच ओळखतां येतील इतकीं बारीक, कवचें आहेत. ह्या जीवांच्या जाती कालक्रमानें उपजतात व लोपतात. म्हणून जात ओळखली कीं गाळाचा काळ कळतो. २००८ सालीं गेर्टा केलरप्रभृति संशोधकांनीं दाखविलें कीं, त्या जाती डायनोसॉरांच्या अंतानंतर लवकरच, सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं, उपजलेल्या आहेत. अर्थात् खालचा थर त्याहून जुना, वरचा नवा. पाषाण मुका असला, तरी शेजारचा गाळ साक्ष देतो.