साधन हाताशी, जबाबदारी आपलीच

कार्यालय सुटण्यास अर्धा तास उरला आहे आणि वरिष्ठांना अहवाल आजच हवा आहे. तुम्ही संगणकावर चार ओळींत विषय सांगता व पाहता पाहता दोन पानांचा नीटनेटका मजकूर समोर उभा राहतो. तुम्ही सुटकेचा श्वास टाकता. पण त्या मजकुराखाली सही कोणाची असणार? तुमचीच! म्हणून या साधनांचा उपयोग कसा करावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ही साधने कार्य कसे करतात?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर तशी इतरही साधने आली. अफाट लिखित मजकुराच्या आधारे त्यांना शिकवलेले असते. आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, याचा अंदाज करीत ती उत्तर रचतात. यास्तव त्यांची भाषा ओघवती असते. परंतु जे संभवनीय वाटते ते सत्य असेलच असे नाही. चुकीचे उत्तरही ती तितक्याच ठामपणे देतात. काही साधने इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देतात. तरीही चुकीची शक्यता उरतेच.

न्यूयॉर्कमधील धडा

२०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात काय घडले ते विचारात घ्या. एका प्रवाशाने एव्हियान्का या विमान कंपनीविरुद्ध दावा केला होता. त्याच्या वकिलांनी सादर केलेल्या लेखी युक्तिवादात पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले होते. मात्र त्यांपैकी सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचलेले होते. विशेष म्हणजे, हे खटले खरे आहेत का, असे वकिलाने त्याच साधनाला विचारले होते आणि त्याने होकार दिला होता! साक्षीदारानेच स्वतःच्या साक्षीची ग्वाही द्यावी, तसे हे झाले.

जूनमध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला. असे साधन वापरणे हे मुळातच गैर आहे, असे त्यांनी म्हटले नाही. वकिलांनी पडताळणी केली नाही आणि शंका उपस्थित झाल्यावरही ते त्या दाखल्यांना चिकटून राहिले, हा खरा दोष होता. चूक लवकर कबूल करणे किती हितावह असते, हे यावरून दिसून येते.

गुप्तता राखा

दुसरा धोका आपण साधनाला काय पुरवतो यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी व डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे कळवले. सरकारी कागदपत्रांची गुप्तता धोक्यात येऊ शकते, हे त्यामागील कारण होते. तुमच्यापाशीही इतरांनी विश्वासाने सोपवलेल्या गोष्टी असतील: रुग्णाचा अहवाल, ग्राहकाचा खाते क्रमांक, सहकाऱ्याची तक्रार. त्या परक्या यंत्राला देण्याचा अधिकार तुम्हाला आहे का?

सुज्ञपणे उपयोग कसा करावा?

माहिती तुमची असू द्या, मांडणीसाठी साहाय्य घ्या. उदाहरणार्थ, सभेत तुम्ही स्वतः घेतलेल्या टिपणांत काही गोपनीय नसेल, तर त्यांवरून इतिवृत्ताचा मसुदा करवून घेता येईल. त्यानंतर प्रत्येक नाव, तारीख व रक्कम मूळ टिपणांशी ताडून पाहा. कायदा, औषध किंवा पैसा यांविषयीचे उत्तर मूळ कागदपत्रांशी अथवा जाणकाराकडून पडताळल्याशिवाय स्वीकारू नका. इंग्रजीवरून मराठी करवून घेतलेले पत्र मोठ्याने वाचा. कानाला खटकणारे वाक्य लगेच सापडेल.

शेवटी स्वतःला विचारा: ‘यातील प्रत्येक वाक्याचा आधार वरिष्ठांनी विचारला, तर मी सांगू शकेन का?’ उत्तर ‘नाही’ असल्यास सही करू नका. उरलेला अर्धा तास पडताळणीला द्या, अथवा आणखी एक दिवस मागून घ्या. उशिराबद्दल दोन शब्द ऐकावे लागतील. परंतु अनेक वर्षांच्या प्रामाणिक कामाने मिळवलेला विश्वास शाबूत राहील.