वीज गेली, ड्रॉइंग बिघडले : पुनर्प्राप्तीची रीत

३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दिवशी उत्तर भारताचे वीजजाळे कोलमडले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतातील राज्येही त्यात ओढली गेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. अशा घटनांची इतिहासात नोंद होते. औद्योगिक वसाहतीतील फ्यूज उडून दोन मिनिटे वीज गेली, तर तिची नोंद कोठेच होत नाही. संगणकावर उघड्या असलेल्या ड्रॉइंगला मात्र हा भेद कळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग सारखेच घातक असतात.

कोल्हापूरची फाउंड्री असो, कोइम्बतूरचा पंपांचा कारखाना असो वा एखाद्या वास्तुविशारदाचे छोटे कार्यालय असो, तेथील यंत्रांना व इमारतीला विम्याचे संरक्षण घेतले जाते. परंतु ज्या ड्रॉइंगवरून साचा घडतो किंवा बांधकाम उभे राहते, त्याची दुसरी प्रत पुष्कळदा नसते. ड्रॉइंग बिघडले की मागणीची मुदत टळते, आणि मुदत टळली की कर्जाच्या हप्त्याचे गणितही बिघडते. १९८२ साली बाजारात आलेली ऑटोकॅड ही प्रणाली भारतात सर्वत्र वापरली जाते. म्हणून तिच्या आधारे या विषयाचा विचार करणे सोयीचे ठरेल.

बिघाड का होतो?

'सेव्ह' ही आज्ञा दिल्याबरोबर सर्व माहिती डिस्कवर उतरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात विंडोज ती माहिती काही काळ तात्पुरत्या स्मृतीत राखून ठेवते आणि मग सवडीने डिस्कवर लिहिते. त्याच क्षणी वीज गेली तर फाइलचे नाव व आकारमान नोंदले जाते, परंतु आतील मजकूर पोहोचलेला नसतो. म्हणूनच फाइल दिसते, तिचा आकारही योग्य वाटतो, आणि तरीही ती उघडत नाही. काही वेळा मजकुराचा थोडाच भाग गहाळ झालेला असतो. दुरुस्तीची खरी आशा अशाच फाइलबाबत असते.

प्रथम प्रती, मग प्रयत्न

वीज परत येताच फाइल पुनःपुन्हा उघडून पाहण्याचा मोह होतो. मूळ बिघाडापेक्षा अधिक नुकसान याच घाईने होते. ऑटोकॅडमध्ये प्रत्येक वेळी सेव्ह करताना आधीची आवृत्ती 'बीएके' या विस्तारनामाच्या फाइलीत ठेवली जाते. बिघडलेले ड्रॉइंग कसेबसे उघडून त्याच नावाने सेव्ह केले, तर त्या जागी बिघडलेली आवृत्ती जाऊन बसते आणि शेवटची चांगली प्रत कायमची नष्ट होते.

यास्तव पुढील तीन फाइली शोधून त्यांच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्यतो दुसऱ्या डिस्कवर, घ्याव्यात. पहिली, मूळ 'डीडब्ल्यूजी' फाइल. दुसरी, त्याच फोल्डरमधील त्याच नावाची 'बीएके' फाइल. तिसरी, स्वयंचलित सेव्हची फाइल. तिचे नाव ड्रॉइंगच्या नावाने सुरू होते आणि तिच्या विस्तारनामात 'एसव्ही' या अक्षरांपुढे डॉलरचे चिन्ह असते. ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली जाते हे 'ऑप्शन्स'मधील 'फाइल्स' या विभागात पाहता येते. ड्रॉइंग रीतसर बंद झाल्यास ही फाइल आपोआप पुसली जाते. वीज गेल्यास ती मागे उरते.

आता तिन्ही फाइलींवरील वेळ पडताळावी. स्वयंचलित सेव्हची वेळ मुळात दहा मिनिटांची असते. परंतु हाताने सेव्ह केले की ती गणना नव्याने सुरू होते. त्यामुळे हीच फाइल सर्वांत ताजी असेल, असे गृहीत धरू नये. 'बीएके' किंवा स्वयंचलित फाइल वापरायची असल्यास तिच्या प्रतीचे विस्तारनाम बदलून 'डीडब्ल्यूजी' करावे आणि मग ती उघडावी. विस्तारनामे दिसत नसतील, तर विंडोजमध्ये ती दाखविण्याची सोय प्रथम सुरू करावी.

दुरुस्तीच्या पायऱ्या

उपलब्ध प्रती जुन्या असतील आणि मूळ फाइलच हवी असेल, तर तिच्या प्रतीवर क्रमाने प्रयत्न करावेत.

१. प्रत नोटपॅडमध्ये उघडून केवळ पाहावी. सेव्ह करू नये. निरोगी ड्रॉइंगच्या आरंभी 'ए' व 'सी' ही रोमन अक्षरे आणि त्यांपुढे चार अंक असतात. उदाहरणार्थ, २००० च्या आवृत्तीत १०१५, तर २०१८ पासूनच्या आवृत्त्यांत १०३२. फाइलभर केवळ रिकामी जागा दिसल्यास आत मजकूरच नाही असे समजावे. अशा फाइलीवर वेळ न दवडता 'बीएके'कडे वळावे.

२. ऑटोकॅडमध्ये कोरे ड्रॉइंग उघडून 'रिकव्हर' ही आज्ञा द्यावी आणि बिघडलेली प्रत निवडावी. फाइल उघडल्यास ती लगेच नव्या नावाने सेव्ह करावी.

३. त्यानंतर 'ऑडिट' ही आज्ञा देऊन चुका दुरुस्त करण्यास होकार द्यावा. एकही चूक शिल्लक नाही असा निर्वाळा मिळेपर्यंत ती पुन्हा चालवावी.

४. 'रिकव्हर'ने काम न झाल्यास नव्या ड्रॉइंगमध्ये बिघडलेली प्रत 'इन्सर्ट' आज्ञेने ब्लॉक म्हणून आणून पाहावी. या मार्गाने केवळ मॉडेल स्पेसमधील रेखाटन येते; छपाईचे लेआउट येत नाहीत. शिवाय दोन्ही ड्रॉइंगची एकके सारखी आहेत ना, हे आधी पाहावे. एक मिलिमीटरमध्ये व दुसरे इंचात असल्यास आकार २५.४ पटीने बदलू शकतो.

फाइल उघडली, पण बरोबर आहे का?

पुनर्प्राप्तीनंतरचा सर्वांत नाजूक टप्पा हाच होय. दुरुस्तीची आज्ञा फाइल उघडण्याजोगी करते. ती अचूक असल्याची हमी देत नाही. जी वस्तू वाचता येत नाही ती आज्ञा काढून टाकते. जिचा लेयर सापडत नाही ती शून्य क्रमांकाच्या लेयरवर नेऊन ठेवते. एखादे छिद्र गळाले आणि तसेच ड्रॉइंग कारखान्यात गेले, तर हानी फाइलीपुरती उरत नाही. धातू, मजुरी आणि ग्राहकाचा विश्वास या तिन्हींची होते.

म्हणून जुनी छापील प्रत किंवा पीडीएफ शेजारी ठेवून ताळा घ्यावा. चारपाच महत्त्वाची अंतरे 'डिस्ट' आज्ञेने प्रत्यक्ष मोजावीत. केवळ लिहिलेल्या मापांवर विसंबू नये, कारण मापाचा आकडा हाताने लिहिलेलाही असू शकतो. छिद्रे, खांब, दारे अशा मोजता येण्याजोग्या वस्तू मोजाव्यात. बाहेरून जोडलेल्या संदर्भ फाइली जागेवर आहेत का, हे पाहावे. ड्रॉइंगवर नवा सुधारणा क्रमांक घालावा आणि ताळा घेणाऱ्याची स्वाक्षरी झाल्यावरच ते कामावर धाडावे. बँक, नगरपालिका वा ग्राहक यांच्याकडे पूर्वी सादर केलेली प्रत येथे उत्तम साक्षीदार ठरते. आपल्याकडील तिची पोच प्रत जपून ठेवावी.

पूर्वतयारी

यूपीएस हे साधन काम चालू ठेवण्यासाठी नसून काम सुरक्षितपणे थांबविण्यासाठी असते. वीज जाताच सेव्ह करणे, ऑटोकॅड बंद करणे आणि संगणक रीतसर बंद करणे, एवढा वेळ त्याने द्यावा. बॅटरी कालांतराने क्षीण होते; तेव्हा ठरावीक महिन्यांनी तिची चाचणी घ्यावी. स्वयंचलित सेव्हची मुदत पाच मिनिटांवर आणावी आणि 'बीएके' फाइल बनविण्याची सोय कधीही बंद करू नये. पेन ड्राइव्हवरील ड्रॉइंगवर थेट काम करणे टाळावे. ते आधी संगणकावर उतरवून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम प्रतींचा. एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक वास्तूच्या बाहेर, हा संकेत जगभर मानला जातो. महिन्यातून एकदा त्यांतील एखादी प्रत उघडूनही पाहावी. न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखीच असते. रोजचा हिशेब जुळविल्याखेरीज तिजोरी बंद न करण्याची शिस्त बँकेत पाळली जाते. दिवसाच्या ड्रॉइंगची दुसरी प्रत घेतल्याखेरीज कार्यालय बंद न करण्याची सवय उद्योजकाने लावून घेतली, तर वीज गेल्यावर वाया जाईल ते फार तर काही मिनिटांचे काम असेल.