झटक्यानंतरचे मन : दोस्तोव्हस्कीच्या निमित्ताने

दोस्तोव्हस्कीच्या अपस्माराविषयी लिहिताना समीक्षकांची दृष्टी बहुधा झटक्यापूर्वीच्या आनंदक्षणावर खिळते. ‘इडियट’ (१८६८-६९) मधील मिश्किनचे चिंतन पाहता हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच चिंतनात मिश्किन त्या प्रकाशामागून येणारी बुद्धीची जडता आणि आत्म्यावरील अंधारही हिशेबात धरतो, याकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत टिपणात या उत्तरावस्थेचाच विचार करावयाचा आहे.

दोस्तोव्हस्की आपल्या झटक्यांच्या नोंदी ठेवीत असे. त्यांत नंतरच्या खिन्नतेचा उल्लेख वारंवार येतो. आपल्या हातून कोणता तरी अज्ञात अपराध घडला आहे, असे त्याला झटक्यानंतर वाटे, अशी साक्ष त्याचे स्नेही स्त्राखोव्ह यांनी दिली आहे.

वैद्यकाला ही उत्तरावस्था कित्येकदा झटक्याच्या उगमस्थानाची खूण वाटते. एका बाजूच्या हातापायांतील शक्ती काही काळ गेली, तर उगम मेंदूच्या विरुद्ध अर्धात शोधावा लागतो. या दौर्बल्याचे वर्णन रॉबर्ट टॉड यांनी १८४९ मध्ये केले. वाचा अडखळली, तर भाषेचे नियमन करणाऱ्या, बहुधा डाव्या, अर्धाकडे बोट जाते. खिन्नता मात्र इतके नेमके स्थान सांगत नाही. दोस्तोव्हस्कीच्या बाबतीत तज्ज्ञांचे एकमत होत नाही, याचे हेही एक कारण मानता येईल. फ्रेंच अपस्मारतज्ज्ञ गास्तो यांनी १९७८ मध्ये त्याचा विकार आरंभापासूनच संपूर्ण मेंदूला व्यापणारा ठरविला. १९८४ मध्ये त्यांनीच या मताचा फेरविचार करून कानशिलाच्या आतील शंखखंडाकडे लक्ष वेधले. आनंदक्षणाचा उगम मेंदूच्या घडीत दडलेल्या इन्सुला या भागात असावा, असे प्रतिपादन २००९ मध्ये पुढे आले.

मग कादंबऱ्यांतील अपराधभाव हे केवळ रोगाचे लक्षण मानावयाचे काय? कृतींची रचना तसे मानू देत नाही. ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) मधील रास्कोल्निकोव्ह अपराधाच्या ओझ्याने खचतो; त्याला अपस्मार नाही. ‘करमाझोव्ह बंधू’ (१८७९-८०) मधील स्मेर्द्याकोव्हला अपस्मार आहे. तो झटक्याचे सोंग आणून त्याआड खून करतो. ‘भुते’ (१८७१-७२) मधील किरिलोव्हला आनंदक्षण लाभतात, पण झटका येत नाही. हे अपस्माराचे पूर्वचिन्ह असू शकेल, असा इशारा शातोव्ह त्याला देतो, एवढेच.

लेखकाच्या देहात जे एकामागून एक येत होते, ते त्याने निरनिराळ्या माणसांत वाटून दिले. झटक्याचा उगम कोठे, हे मेंदूचा अभ्यासक शोधील. हे वाटप असे का झाले, याचे उत्तर मात्र साहित्याच्या अभ्यासकानेच शोधावयाचे आहे.